सेट_एफएस गेलं कुठे, आणि आता तुमच्या ड्रायव्हरचं काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका मोजणी-उपकरणाचा ड्रायव्हर लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) ४.१९ वर काही वर्षं बिनतक्रार चालला. आता मशीन ५.१५ वर न्यायचं आहे, तर कंपायलर म्हणतो की ‘सेट_एफएस’, ‘गेट_एफएस’ आणि ‘कर्नल_डीएस’ नावाचं काही अस्तित्वातच नाही. एका सहकाऱ्याने सुचवलं की आपल्याच हेडरमध्ये या नावांचे रिकामे मॅक्रो टाकून द्या, बिल्ड होऊन जाईल. टाकावेत का? आणि इतकी वर्षं चालणारं फंक्शन काढलंच कशाला? (फंक्शनांची नावं मी बोलताना उच्चारते तशी लिहिते आहे.)

मॅक्रो टाकू नका. बिल्ड होईल, मॉड्यूल लोडही होईल आणि पुढे फसवेल. हे मी ऐकीव सांगत नाही. मी पूर्वी जिथे काम करायचे तिथे अगदी हाच उपाय कोणीतरी केला होता. आमचा ड्रायव्हर दुसऱ्या एका ड्रायव्हरच्या आयऑक्टल (उपकरणाला खास आज्ञा देण्याच्या) फंक्शनला कर्नलच्या आतूनच बोलवायचा आणि कॅलिब्रेशनचे आकडे स्वतःच्या बफरमध्ये मागून घ्यायचा. मॅक्रो रिकामा केल्यावर ते आयऑक्टल मुकाट्याने उणे १४, म्हणजे ई-फॉल्ट ही ‘पत्ता चुकीचा’ सांगणारी त्रुटी, परत देऊ लागलं. परत आलेलं मूल्य कोणी तपासत नव्हतं, कारण जुन्या कर्नलवर ते कधी चुकलंच नव्हतं. बफर शून्याने भरलेला होता. उपकरण सुरू व्हायचं, आकडे दाखवायचं, आणि सगळे आकडे थोडेथोडे चुकीचे. आम्ही जवळजवळ तीन आठवडे सेन्सरच्या वायरिंगला शिव्या घातल्या.

असं का होतं ते कळायला मूळ व्यवस्था समजून घ्यावी लागते.

एखादा प्रोग्रॅम सिस्टम कॉल करतो, म्हणजे कर्नलकडे काम मागतो, तेव्हा तो कर्नलला एक पत्ता देतो: या जागी वाचलेला डेटा ठेव. कर्नलने त्या पत्त्यावर डोळे मिटून लिहिलं तर संपलंच, कारण प्रोग्रॅम कर्नलच्याच एखाद्या तक्त्याचा पत्ता देऊ शकतो. म्हणून ‘कॉपी_टू_युजर’, ‘कॉपी_फ्रॉम_युजर’, ‘गेट_युजर’, ‘पुट_युजर’ ही मंडळी आधी पत्ता तपासतात. तपासणी अगदी साधी: पत्ता अधिक लांबी एका मर्यादेच्या आत आहे का? ३२ बिटी इंटेलवर नेहमीच्या मांडणीत खालचे ३ जीबी प्रोग्रॅमचे आणि वरचा १ जीबी कर्नलचा, म्हणजे मर्यादा ३ जीबीवर. ती मर्यादा ठरलेला स्थिरांक असती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण ती प्रत्येक थ्रेडच्या नोंदीत ‘अ‍ॅडर_लिमिट’ नावाच्या चलात ठेवलेली होती आणि सेट_एफएस ती बदलायचं. सेट_एफएस(कर्नल_डीएस) म्हटलं की मर्यादा थेट आभाळाला. त्यानंतर त्या थ्रेडसाठी कॉपी_टू_युजर कुठल्याही पत्त्याला हो म्हणतं, कर्नलच्याही.

सोसायटीच्या वॉचमनला ‘आज कार्य आहे, येईल त्याला सोड’ म्हणून सांगावं तसं हे. पाहुणे येऊन गेल्यावर ‘आता पुन्हा वही बघून सोड’ हे सांगायची जबाबदारी ज्याच्या घरी कार्य त्याची. विसरला तर वॉचमनची काही चूक नाही.

मग असं सांगायची वेळ कर्नलवर का यायची? कारण पुष्कळ फंक्शनं फक्त प्रोग्रॅमकडून आलेला पत्ता घ्यायची. कर्नलला स्वतःसाठी फाइल वाचायची असेल, सॉकेटवर पाठवायचं असेल, एखादं आयऑक्टल वापरायचं असेल तर बफर कर्नलचा असतो आणि तपासणीत अडकतो. उपाय चार ओळींचा: जुनी मर्यादा गेट_एफएसने जपून ठेव, सेट_एफएसने दार उघड, फंक्शन बोलव, सेट_एफएसने जुनी मर्यादा परत ठेव. तुमच्या ड्रायव्हरमध्येही याच चार ओळी असणार, पैजेवर सांगते.

नावाबद्दल एक गैरसमज मी मुलाखतींत दर वेळी ऐकते. एफएस म्हणजे फाइल सिस्टम नव्हे. ८०३८६ प्रोसेसरच्या सेगमेंट रजिस्टरांत (मेमरीचा कुठला भाग वापरायचा ते यांत ठरतं) सीएस, डीएस, ईएस यांच्या पुढची अक्षरं घेऊन एफएस आणि जीएस आले, त्यातला हा एफएस. १९९१ च्या लिनक्समध्ये सिस्टम कॉलच्या दारातच डीएस आणि ईएस कर्नलच्या सेगमेंटकडे वळवले जायचे आणि एफएस प्रोग्रॅमच्या डेटा सेगमेंटकडे. प्रोग्रॅमचा एक बाइट हवा तर ‘गेट_एफएस_बाइट’ एफएसमधून वाचायचं. हार्डवेअरच हद्द सांभाळत होतं. ०.११ आवृत्तीचा एक्झेक, म्हणजे प्रोग्रॅम सुरू करणारा, कोड उघडून बघा: स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत दिलेल्या इंटरप्रिटरचं नाव कर्नलच्या मेमरीत असायचं, बाकीचे आर्ग्युमेंट प्रोग्रॅमच्या मेमरीत. दोन्ही एकाच कॉपी फंक्शनमधून न्यायचे म्हणून तिथे एफएस तेवढ्यापुरता बदलला जातो आणि परत ठेवला जातो. ही युक्ती तेव्हा चतुर होती, आणि मला आजही ती वाचायला आवडते.

पुढे २.१ मालिकेत, १९९६ नंतर, सगळं बदललं. सेगमेंटचा खेळ संपला. पत्ता आधी मर्यादेशी ताडायचा, मग सरळ वाचायचं, आणि पान जागेवर नसलं तर पेज फॉल्टच्या वेळी एका तक्त्यात बघून ठरलेल्या दुरुस्ती-कोडवर उडी मारून ई-फॉल्ट द्यायचा, ही आजची पद्धत तेव्हाची. एफएस रजिस्टरचा या कामाशी संबंध तुटला, पण सेट_एफएस हे नाव तसंच राहिलं, आणि त्याच्या मागे आता हार्डवेअर नव्हतं, फक्त एक चल होतं.

त्यातून काय होऊ शकतं याचं सगळ्यात बोलकं उदाहरण डिसेंबर २०१० चं. नेल्सन एल्हेज यांनी शोधलेली ही त्रुटी सीव्हीई या सुरक्षा-त्रुटींच्या यादीत सीव्हीई-२०१०-४२५८ या क्रमांकाने नोंदलेली आहे. मी नवीन मुलांना ती पायरीपायरीने वाचायला लावते.

थ्रेड तयार करताना प्रोग्रॅम कर्नलला सांगू शकतो की हा थ्रेड मेला की अमुक पत्त्यावर शून्य लिही. निरुपद्रवी सोय आहे, थ्रेड लायब्ररीला लागते. ते शून्य पुट_युजरने लिहिलं जातं, म्हणजे पत्ता तपासूनच. आता कल्पना करा, हाच थ्रेड कर्नलमध्ये अशा वाटेने गेला जिथे कोणीतरी सेट_एफएस(कर्नल_डीएस) करून ठेवलंय, आणि नेमकं त्या चार ओळींच्या मधल्या ओळीत कर्नलला शून्य पॉइंटरची ठेच लागली. ऊप्स (कर्नल स्वतःच अडखळला की असं म्हणतात). कर्नल तो थ्रेड जागच्या जागी मारून टाकतो. चौथी ओळ, दार लावण्याची, कधीच चालत नाही. थ्रेड मारण्याचा कोड नेहमीसारखा पुट_युजरला बोलावतो, पुट_युजर मर्यादा बघतं, मर्यादा आभाळाला, आणि प्रोग्रॅमने आधीच सांगून ठेवलेल्या कर्नलच्या पत्त्यावर चार बाइट शून्य लिहिलं जातं. डॅन रोझेनबर्ग यांनी हे ईकोनेट या जवळपास विस्मरणात गेलेल्या नेटवर्क प्रोटोकॉलमधल्या दोन त्रुटींशी जोडून दाखवलं. ६४ बिटी मशीनवर एखाद्या फंक्शन पॉइंटरचे वरचे बाइट शून्य केले की तो कर्नलऐवजी प्रोग्रॅमच्या मेमरीकडे बोट दाखवू लागतो. तिथे आपला कोड ठेवायचा. रूट, म्हणजे मशीनचे सगळे अधिकार.

यात सेट_एफएस वापरणाऱ्याची चूक शोधून सापडत नाही. चारही ओळी बरोबर होत्या, क्रम बरोबर होता. शून्य पॉइंटरची चूक दुसऱ्याची, आणि तीही एरवी फक्त एक प्रक्रिया पाडून थांबली असती. दुरुस्ती म्हणून थ्रेड मारण्याच्या कोडच्या सुरुवातीला मर्यादा पुन्हा खाली आणली. नंतर ४.१४ मध्ये सिस्टम कॉलहून परतताना मर्यादा जागेवर आहे ना हे तपासणारा कोड आला. ही सगळी ठिगळं होती. माझं स्पष्ट मत असं की एखादं फंक्शन सुरक्षित ठेवायला इतर तीन ठिकाणी पहारा लागत असेल, तर पहारे वाढवण्यापेक्षा ते फंक्शन काढावं.

आता काढलं कसं, कारण हा भाग मला कामाच्या दृष्टीने सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो. एका फटक्यात काढणं शक्य नव्हतं. कर्नलचे विकासक क्रिस्टॉफ हेलविग यांनी मुख्य भार उचलला; अल व्हिरो यांनी त्याआधी बरीच वर्षं जमीन तयार करून ठेवली होती. ‘आयओव्ही_इटर’ या रचनेत बफर प्रोग्रॅमचा की कर्नलचा हे रचनेतच लिहिलेलं असतं. म्हणजे ‘हा पत्ता कोणाचा’ हे उत्तर थ्रेडच्या चलातून निघून पत्त्याच्या सोबत प्रवास करू लागलं. खरा बदल हाच; बाकी सगळी त्याची झाडलोट. सॉकेटच्या पर्यायांसाठी ५.९ मध्ये ‘सॉकपीटीआर_टी’ आला, तोही याच घाटाचा. त्याच ५.९ मध्ये कर्नलमधून प्रोग्रॅम सुरू करायला स्वतंत्र ‘कर्नल_एक्झेकव्हीई’ आलं, एरिक बीडरमन यांचं. १९९१ मध्ये ज्या एक्झेकमध्ये ही युक्ती होती, तिथून ती अशी बाहेर पडली.

डिसेंबर २०२० च्या ५.१० मध्ये सामायिक कोडमधले शेवटचे वापर गेले आणि एक्स८६ व पॉवरपीसीवरून फंक्शनच गेलं. ज्या आर्किटेक्चरांना (प्रोसेसरच्या घराण्यांना) ते अजून हवं होतं त्यांनी तसं कॉन्फिगमध्ये मागायचं, अशी सोय ठेवली. मग एकेक नाव गळत गेलं. ५.११ मध्ये ६४ बिटी आर्म. मे २०२२ च्या ५.१८ मध्ये आर्न्ड बर्गमन यांनी उरलेली सगळी साफ केली.

काही आर्किटेक्चरांवर हे नुसतं खोडण्याचं काम नव्हतं. एस३९०, स्पार्क६४, एम६८के यांच्यावर प्रोग्रॅमची आणि कर्नलची पत्ता-जागा मुळातच वेगळी असते. एकाच आकड्याचा पत्ता इकडे एक जागा, तिकडे दुसरीच. तिथे सेट_एफएस नुसती मर्यादा हलवत नव्हतं, कुठल्या जगात वाचायचं हेच बदलत होतं. म्हणून तुमच्या सहकाऱ्याचा रिकामा मॅक्रो इंटेलवर निदान ई-फॉल्ट तरी देतो. अशा मशीनवर तो कर्नलच्या पत्त्याचा आकडा घेऊन समोरच्या प्रोग्रॅमच्या मेमरीत त्याच आकड्याच्या जागी बेधडक लिहू शकतो. तुमचं मशीन इंटेलचं आहे हे मला कळतंय, पण ड्रायव्हरचा कोड एकदा बाहेर गेला की कुठे पोचतो ते आपल्या हातात नसतं.

आर्मची गंमत वेगळी. तिथे प्रोग्रॅमच्या मेमरीला हात लावायला खास लोड-स्टोअर सूचना आहेत, ज्या कर्नलमध्ये असूनही प्रोग्रॅमच्याच अधिकाराने चालतात. फार छान सोय, पण सेट_एफएस उघडं असताना त्याच सूचनांना कर्नलची मेमरी वाचता आली पाहिजे, नाहीतर सगळं मोडेल. म्हणून आर्मव्ही८.२ मध्ये ‘युजर अ‍ॅक्सेस ओव्हरराइड’ नावाचा एक बिट आला: तो लावला की त्या खास सूचना साध्यासारख्या वागतात. सेट_एफएस गेल्यावर लिनक्सने त्या बिटाचा वापरही काढून टाकला. सॉफ्टवेअरमधल्या एका जुन्या सवयीसाठी सिलिकॉनमध्ये कोरलेली सोय पडून राहिली.

आणि हो, काढताना मोडतोडही झाली. ५.१० मध्ये स्प्लाइसचा (डेटा कर्नलच्या आतच एका फाइलीकडून दुसरीकडे सरकवण्याचा) जुना आडमार्ग बंद केला, कारण तो सेट_एफएसवरच उभा होता. त्यामुळे ज्या फाइलींना नव्या पद्धतीचं, म्हणजे आयओव्ही_इटर घेणारं, रीड नव्हतं, त्यांच्यावर स्प्लाइस आणि त्याच्यासारखंच सेंडफाइल ई-इन्व्हल, म्हणजे ‘अवैध मागणी’ ही त्रुटी, देऊ लागले. प्रॉकमधल्या (कर्नलची माहिती दाखवणाऱ्या) फाइलींची सोय ५.१० बाहेर पडण्याआधीच केली, टीटीवायचं (टर्मिनलचं) रीड लिनस टॉरवाल्ड्स यांनी स्वतः बदललं, आणि रँडम डिव्हाइसवर स्प्लाइस पुन्हा चालायला २०२२ चं ५.१९ उजाडलं. जुना कोड काढणाऱ्याला ‘कोणी वापरत नाही’ असं ग्रेपने (कोडमधल्या शब्द-शोधाने) सांगितलं तरी, त्याच्यावर आडून उभं असलेलं काहीतरी निघतंच. मी हे दोष म्हणून सांगत नाही. अशा कामात दीड वर्ष शेपूट राहणार हे धरूनच चालावं.

आता तुमच्या ड्रायव्हरकडे येऊ. प्रत्येक सेट_एफएसच्या मधल्या ओळीत काय आहे ते बघा, उपाय त्यावर ठरतो.

दुसऱ्या ड्रायव्हरचं आयऑक्टल बोलवत असाल, आणि तो ड्रायव्हरही तुमचाच असेल, तर आयऑक्टल दोन भागांत फोडा. आतलं फंक्शन कर्नलचाच पॉइंटर घेतं आणि खरं काम करतं. बाहेरचं फंक्शन फक्त कॉपी_फ्रॉम_युजर करून आतल्याला बोलावतं. आतलं एक्सपोर्ट करा आणि तुमच्या दुसऱ्या ड्रायव्हरमधून थेट वापरा. आम्ही शेवटी हेच केलं. दीड दिवसाचं काम होतं, आणि वाटेत त्या आयऑक्टलमध्ये लांबी न तपासल्याची एक वेगळीच चूक सापडली. दुसरा ड्रायव्हर मेनलाइनमधला (अधिकृत कर्नलमधला) असेल तर त्याची कर्नलमधली अधिकृत वाट शोधा. ती नसेल तर बहुतेक वेळा तुम्ही जे करताय ते युजर स्पेसमध्ये, म्हणजे कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्रॅममध्ये, व्हायला हवं.

फाइल वाचत असाल तर आधी स्वतःला विचारा, ड्रायव्हर फाइल का वाचतोय? फर्मवेअर किंवा कॅलिब्रेशन असेल तर ‘रिक्वेस्ट_फर्मवेअर’ त्यासाठीच आहे. दोनचार सेटिंग्ज असतील तर मॉड्यूल पॅरामीटर किंवा सिसएफएस (ड्रायव्हरच्या सेटिंग्ज फाइलींसारख्या दाखवणारी सोय). तरीही वाचायचीच असेल तर ‘कर्नल_रीड’ आणि ‘कर्नल_राइट’ वापरा. एक खाच लक्षात ठेवा: ५.१० पासून ही फक्त नव्या पद्धतीचं रीड असलेल्या फाइलींवर चालतात. डिस्कवरची साधी फाइल चालेल. एखाद्या जुन्या कॅरेक्टर डिव्हाइसची फाइल उघडून वाचायला गेलात तर ई-इन्व्हल मिळेल आणि लॉगमध्ये तशी ओळ पडेल.

सॉकेटसाठी ‘कर्नल_सेंडएमएसजी’ आणि ‘कर्नल_रेकव्हएमएसजी’ आहेतच. पण ‘कर्नल_सेटसॉकऑप्ट’ ५.८ मध्ये गेलं, त्याऐवजी ‘टीसीपी_सॉक_सेट_नोडिले’ अशी एकेका कामाची फंक्शनं आहेत. डिबगसाठी कर्नलमधला बेभरवशाचा पत्ता चाचपून बघत असाल तर ‘कॉपी_फ्रॉम_कर्नल_नोफॉल्ट’, जुनं नाव ‘प्रोब_कर्नल_रीड’. ३२ बिटी प्रोग्रॅमसाठी ‘कॉम्पॅट_अ‍ॅलॉक_युजर_स्पेस’ वापरत असाल तर तेही ५.१५ मध्ये गेलं आहे. तिथेही उपाय तोच, आयऑक्टल आतून-बाहेरून फोडण्याचा.

अजून एक ठेच लागेल. ४.१९ मध्ये ‘अ‍ॅक्सेस_ओके’ तीन आर्ग्युमेंट घ्यायचं, पहिलं म्हणजे वाचायचं की लिहायचं. ५.० पासून ते पहिलं आर्ग्युमेंट नाही. त्याचीही मुळं ३८६ मध्येच होती: तो प्रोसेसर कर्नल मोडमध्ये लिहिताना पानाचं लेखन-संरक्षण मानायचाच नाही, म्हणून लिहिण्याआधी ते हाताने तपासावं लागे. ४८६ ने ती अडचण सोडवली, लिनक्सने ३.८ मध्ये ३८६ चा पाठिंबाही सोडला, आणि आर्ग्युमेंट मात्र २०१९ पर्यंत प्रत्येक ड्रायव्हर इमानेइतबारे देत राहिला.

बदल झाले की कर्नलचं मेक ‘सी=२’ देऊन स्पार्स या कोड तपासणाऱ्या साधनासह चालवा. प्रोग्रॅमच्या पत्त्याला लागणारी ‘युजर’ खूण कुठे गळली किंवा कुठे जबरदस्तीने पुसली ते तो दाखवतो. सेट_एफएसच्या काळात लोक ही सूचना गप्प करायला ‘फोर्स’ची खूण मारून पॉइंटरचा प्रकार बदलायचे. तुमच्या कोडमध्ये अशा खुणा शोधा. सेट_एफएस जिथे होतं त्याच्या आसपासच सापडतील, आणि नव्या रचनेत त्यातली एकही लागायला नको. मला एखादी ठेवावीशी वाटली तर मी आधी डिझाइनवर संशय घेते.

ग्राहक अजून ४.१९ वर असतील म्हणून दोन वेगळे कोड सांभाळावे लागतील ही भीती बहुतांशी अनाठायी आहे. कर्नल_रीडचा आजचा साचा ४.१४ पासूनचा आहे, त्यामुळे तीच ओळ दोन्हीकडे चालते. फोडलेल्या आयऑक्टलला आवृत्तीचं देणंघेणं नाही. आवृत्ती बघून दोन वाटा कराव्या लागतील त्या फक्त सॉकेटच्या पर्यायांसाठी, कॉपी_फ्रॉम_कर्नल_नोफॉल्टच्या बदललेल्या नावासाठी आणि अ‍ॅक्सेस_ओकेसाठी. आणि त्यातलं अ‍ॅक्सेस_ओके बहुधा उडवूनच टाकता येईल, कारण कॉपी_फ्रॉम_युजर ती तपासणी स्वतः करतं.